रविवारचा उरलेला मासा आणि मंगळवारच्या टिक्क्या

आमच्याकडे भुसावळला मासे रविवारीच येतात, बहुतेक वेळा रोहू नाहीतर कटला, आणि हतनूर धरणाकडचा ताजा मिळाला तर मग विचारूच नका. दीड किलोचा मासा आणला की अर्ध्याचा रस्सा होतो, अर्ध्या तुकड्या तळल्या जातात, सगळे पोटभर जेवतात आणि तरीही रात्री आवरताना पातेल्याच्या तळाशी चार-पाच तुकड्या असतातच. सोमवार सासूबाईंच्या उपासाचा, त्या दिवशी घरात मासा गरमसुद्धा करत नाही आम्ही. आणि मंगळवारी तोच रस्सा पुन्हा उकळला की माशाचा पार चोथा होतो, पोरं दोन घास खाऊन बाकीचं ताटात ठेवून उठतात. मला ते फार लागतं हो. एवढा चांगला मासा, निवडून आणलेला, खवले काढून हळद-मीठ लावून धुतलेला, मसाला वाटण्यात तासभर गेलेला, तो असा का टाकून द्यायचा? म्हणून मी त्याच्या टिक्क्या करायला लागले, कोणी कटलेट म्हणा कोणी फिशकेक म्हणा, आमच्याकडे टिक्क्याच. ऑफिसातून साडेसहाला घरी आले तरी साडेसातला ताटं वाढलेली असतात, आणि त्यासाठी बाजारातून वेगळं काही आणावं लागत नाही, बटाटे कांदे लसूण मसाला शेव हे तर घरात असतंच.

पण हे जमतं कशामुळे, तर अर्धं काम रविवारी रात्रीच झालेलं असतं म्हणून. काटे त्याच रात्री काढायचे. मासा कोमट असतो तेव्हा त्याचे पदर आपोआप सुटतात, आणि एकदा फ्रीजमध्ये गेला की रस्सा थिजतो, माशाचं मांस काट्याला घट्ट धरून बसतं आणि मग काढता काढता जीव जातो. जेवणं झाली की भांडी घासायच्या आधी पंधरा मिनिटं बसायचं, टीव्ही बंद, मोबाइल लांब.

आता रोहू-कटल्याच्या काट्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण टिक्कीत सगळ्यात मोठी भीती तीच असते. पोटाच्या तुकडीत बरगडीचे मोठे वाकडे काटे असतात, ते दिसतात, हाताला लागतात, एका बाजूने धरून ओढले की रांगेने निघतात, त्यांचं काही टेन्शन नाही. खरा त्रास पाठीच्या आणि शेपटीच्या तुकडीत असतो. तिथे मांसाच्या आतच बारीक, गलोलीसारखे दोन टोकांचे काटे असतात, कशालाच जोडलेले नाहीत, मांसात नुसते रुतलेले. म्हणून उरलेल्यात शेपटीच्या तुकड्या असतील तर वेळ जास्त धरा. मी काय करते, स्टीलची परात घेते, प्लॅस्टिकची नाही, स्टीलचीच, आणि त्यात माशाचं मांस कुस्करून अगदी पातळ पसरवते, मग ट्यूबलाइटखाली बसून बोटांच्या टोकांनी परातीवर दाबत दाबत पुढे जाते. काटा आला की परातीवर टिक् असा बारीक आवाज येतो आणि बोटाला कळतं. एकदा उभं जायचं, एकदा आडवं. पहिल्या फेरीत वीस-पंचवीस काटे निघतात आणि आपल्याला वाटतं झालं आता, तरी दुसऱ्या फेरीत पाच-सहा सापडतातच. दुसरी फेरी कधीच सोडायची नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असतात आणि त्यांचं एकच चालू असतं, काटा देखीसन काढ व माय, आणि मग त्या स्वतः तिसरी फेरी करतात.

हे एवढं सांगण्याचं कारण आहे. मोठा मुलगा सात वर्षांचा असताना त्याच्या घशात काटा अडकला होता, साध्या रस्सा-भाकरीच्या जेवणात. घरातल्या सगळ्यांनी नेहमीचे उपाय सुरू केले, भाकरीचा कोरडा घास गिळ, केळं खा, जळगाव जिल्ह्यात केळं काय घरात कायमच असतं, आणि प्रत्येक घासाबरोबर तो जास्त रडायला लागला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी चिमट्याने दोन मिनिटांत काढला आणि आम्हाला सांगितलं की घास गिळून काटा खाली ढकलायला जाऊ नका, त्याने तो अजून आत रुततो, अडकला की सरळ दवाखान्यात या. तेव्हापासून परातीची पद्धत सुरू झाली. आणि हो, मिक्सरमधून फिरवलं की काटे बारीक होतील असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते पूर्ण दळले जात नाहीत, त्यांचे तुकडे होतात आणि मग ते हाताला सापडतही नाहीत.

चिलापी, म्हणजे तिलापिया, आणली असेल तर हे सगळं फार सोपं जातं, तिच्यात ते मांसातले बारीक काटे जवळपास नसतात, मरळीचंही तसंच, मधला कणा काढला की काम झालं. माझी मावशी नवापूरला राहते, तिकडे उकाई धरणाचं पाणी मागे पसरलंय, तर तिच्याकडे मासा आमच्यापेक्षा ताजा आणि जास्त असतो, ती उरलेल्याची वाटच बघत नाही, टिक्कीसाठी म्हणून वेगळी चिलापी वाफवून घेते. ज्यांच्या घरी लहान पोरं किंवा म्हातारी माणसं आहेत त्यांनी पहिल्यांदा करताना चिलापी किंवा मरळच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. रोहूची चव तिच्यापेक्षा चांगली लागते, पण हात बसल्यावर.

रश्श्यातल्या तुकडीवरची जाड कातडी ओलसर आणि चिवट झालेली असते, ती काढून टाका. तळलेल्या तुकडीची मात्र ठेवा, तिच्यावर मसाला भाजला गेलेला असतो, सुरीने बारीक चिरून चुऱ्यात मिसळली की चवच बदलते. मग हा चुरा चपट्या डब्यात पसरून गार झाला की लगेच फ्रीझरमध्ये. खालच्या कप्प्यात दोन दिवस राहतो तसा, पण आपल्याकडे लाइट कधी जाईल भरवसा नसतो, म्हणून मी फ्रीझरच धरते. उन्हाळ्याचं तर विशेष सांगते, भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अशा दिवसांत शिजलेला मासा ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवायचा नाही. रात्रभर बाहेर राहिला असेल तर तो गेला, वास चांगला येत असला तरी गेला. सुरमई, बांगडा, ट्यूना असले समुद्राचे मासे नीट थंड ठेवले नाहीत तर त्यात असं काहीतरी तयार होतं जे नंतर कितीही उकळलं-तळलं तरी जात नाही, अंगावर लाल पुरळ येतं, डोकं दुखतं, त्यामुळे तिथे काटकसर करू नका.

मंगळवारी सकाळी डबा फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवून ऑफिसला जायचं. संध्याकाळपर्यंत चुरा सुटतो आणि त्याला पाणीही सुटलेलं असतं. ते पाणी पिळून काढायचं, मुठीत धरून, दोन-तीन वेळा. टिक्की तव्यावर फुटते त्याचं कारण दहातल्या आठ वेळा पाणी असतं, माशातलं नाहीतर बटाट्यातलं नाहीतर कांद्यातलं, आणि लोक मात्र बेसन कमी पडलं म्हणून अजून बेसन घालत बसतात, मग टिक्की टिकते खरी पण भज्यासारखी लागते, मासा कुठे शोधायचा त्यात?

माप साधं आहे. दोन वाट्या माशाचा चुरा, म्हणजे साधारण २५० ग्रॅम, आणि त्याला दोन मध्यम बटाटे, कुस्करून वाटीभर होतात. यापेक्षा बटाटा वाढवू नका. बटाटे सालीसकट उकडा, चिरून उकडले की पाणी पितात, आणि जमलं तर सकाळी डाळीच्या कुकरमध्येच वेगळ्या डब्यात उकडून गार करून फ्रीजमध्ये ठेवून द्या. गार झालेला बटाटा किसणीवर किसला की कोरडा आणि मोकळा पडतो, गरम बटाटा जोरजोरात रगडला की त्याचा चिकट गोळा होतो आणि टिक्की आतून लगद्यासारखी लागते. मी नेहमी किसतेच.

कांदा एक, अगदी बारीक, आणि तो चमचाभर तेलात परतून घ्यायचा. कच्चा घातला तर मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं. त्याच तेलात ठेचलेला लसूण, आठ-दहा पाकळ्या घ्या, आपल्याकडे लसणाशिवाय काही होतं का, आणि दोन हिरव्या मिरच्या ठेचून. लसणाचा वास सुटला की गॅस बंद करून त्यातच चमचाभर काळा मसाला आणि पाव चमचा हळद. काळा मसाला आधीच भाजलेला असतो, गरम तेलात नुसता फुलला पाहिजे, परतत बसलं की कडवट होतो. तुमचा घरचा मसाला किती तिखट आहे ते तुम्हालाच माहीत, त्या हिशोबाने. आणि रस्सा उरला असेल तर वाटीभर रस्सा कढईत आटवून दोन चमचे होईपर्यंत घट्ट करा आणि तोच मिसळा, मग वेगळा मसाला अर्धाच लागतो आणि रविवारची ती खोबरं-कांदा भाजलेली चव टिक्कीत उतरते. मला ही युक्ती उशिरा सुचली आणि आता तिच्याशिवाय टिक्की मला अपुरी वाटते. फक्त रस्साही माशाबरोबर फ्रीजमध्ये ठेवलेला हवा, आणि आटवायच्या आधी चाळणीतून गाळून घ्या, त्यात सुटे काटे असतात!

आता परातीत चुरा, किसलेला बटाटा, परतलेला गार कांदा, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, सगळं हलक्या हाताने एकत्र करायचं, मळायचं नाही. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून, कारण माशाला आधीच मीठ आहे, रश्श्यालाही आहे. मासा शिजलेलाच असल्यामुळे चाखायला काही हरकत नाही, अंडं घालणार असाल तर मात्र चाखून झाल्यावर घाला. मग एक गोळा हातात घेऊन चपटा करून बघा. कडा फाटायला लागल्या तर मिश्रण कोरडं आहे, अर्धं अंडं फेटून घाला किंवा चमचाभर आटवलेला रस्सा. तळहाताला चिकटून राहिलं तर ओलं आहे, आणि त्याला आमच्याकडचा उपाय म्हणजे शिळ्या भाकरीचा चुरा.

हा भाकरीचा चुरा मी डबा भरून ठेवते. शिळी ज्वारीची भाकरी तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून कडक होईपर्यंत शेकायची, गार झाली की मिक्सरमध्ये जाडसर फिरवायची, रव्याइतकी. दादर ज्वारीची असेल तर फारच छान, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, असेल तर त्यातल्या उडदामुळे अजून खमंग. ब्रेडचा चुरा विकत आणायची काही गरज नाही, भाकरीचा चुरा मिश्रणात ओलावा पण ओढतो आणि बाहेरून लावला तर कुरकुरीत पण होतो. दोन-तीन चमचे मिश्रणात, बाकी ताटलीत पसरून बाहेरून घोळवायला.

बाहेरून लावायला दुसरी भारी गोष्ट म्हणजे शेव. आपल्या घरात शेवभाजीची जाड तिखट शेव नाही असं होतच नाही, डब्याच्या तळाशी चुरा उरलेला असतो तो काढा नाहीतर वाटीने दाबून बारीक करा. शेव लावलेली टिक्की पोरांना सगळ्यात जास्त आवडते, चहूबाजूंनी काटेरी कुरकुरीत होते. पण शेव आधीच तळलेली असते, ती पटकन काळी पडते, म्हणून टिक्की पातळ ठेवा, आच मंद ठेवा आणि मिश्रणात मीठ-तिखट जरा हात आखडूनच घाला. पहिल्यांदा केली तेव्हा माझी आच मोठी होती, बाहेरून काळी आणि मध्ये पार गार, सगळी बॅच गेली.

बटाटा नसेल तर खिचडी चालते का? चालते, आणि उत्तम चालते. आपली तुरीच्या डाळीची खिचडी, तेल घेऊन खायची ती, आठवड्यातून एकदा तरी होतेच आणि वाटीभर उरतेच. फ्रीजमध्ये राहिली की भात कडक होतो, ती हाताने कुस्करून बटाट्याऐवजी घ्या, दोन वाट्या चुऱ्याला एक वाटी, अंडंबिंडं काही लागत नाही. खिचडीला हळद-तिखट-मीठ आहेच. मात्र ही खिचडीही वेळेत फ्रीजमध्ये गेलेली हवी, रात्रभर कुकरमध्ये ओट्यावर राहिलेली नको.

टिक्क्या वळल्या की, एवढ्या मिश्रणाच्या दहा-अकरा होतात, अर्ध्या इंचाच्या जाडीच्या, त्या ताटात मांडून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायच्या. ही वीस मिनिटं लोकांना नकोशी वाटतात पण तेवढ्यात कणीक मळून होते, भाकरी करायच्या असतील तर तवा तापतो, चटणी वाटून होते, आणि टिक्की घट्ट बसते.

तवा बिडाचा असेल तर तोच घ्या. तीन-चार चमचे शेंगदाणा तेल, मध्यम आच. तेल तापलं का बघायला चुऱ्याचा एक कण टाका, लगेच चर्र झालं पाहिजे. एका वेळी पाचच टिक्क्या, गर्दी केली की तवा गार पडतो आणि टिक्क्या तेल पितात. आणि मग हात लावायचा नाही. तीन-चार मिनिटं नुसतं बघायचं. खालची बाजू भाजली गेली की टिक्की स्वतःच तवा सोडते, कडेला तपकिरी रेघ दिसायला लागते, उलथणं खाली सरकवलं की अडकत नाही, तेव्हाच उलटायची. अडकली तर ओढू नका, अर्धा मिनिट अजून थांबा. दुसरी बाजू तीन मिनिटं. पहिली टिक्की मधून मोडून बघा, आतून वाफ आली पाहिजे, उरलेलं अन्न आहे, मध्यापर्यंत गरम होणं गरजेचं.

सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू, आणि खलबत्त्यात भाजलेले शेंगदाणे-हिरवी मिरची-लसूण-मीठ ठेचून केलेली चटणी. पोरांना पावात घालून देते, त्यात चटणी आणि काकडी.

मासा उरलाच नाही पण टिक्क्या खायच्यात अशी वेळ आली तर दोन रस्ते आहेत. एक डब्यातला ट्यूना, मोठ्या दुकानात मिळतो, त्यातलं पाणी किंवा तेल चाळणीवर दाबून पूर्ण काढायचं, काट्यांची कटकट नाही, पण महाग पडतो. दुसरा आणि माझ्या आवडीचा म्हणजे सुकट. बाजाराच्या दिवशी घेतलेली वाळवलेली बारीक कोळंबी डब्यात असतेच. अर्धी वाटी सुकट चाळणीने चाळून कचरा-रेती काढा, कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, खिडकी उघडी ठेवा, मग कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून वरच्या वर काढून पिळून घ्या, तळाशी राहिलेली रेती तिथेच राहू दे. ही तीन बटाट्यांना पुरते कारण चव तीव्र असते, आणि मीठ तर आधी अजिबात घालू नका. लसूण मात्र दुप्पट. पावसाळ्यात चांगला मासा मिळत नाही तेव्हा आमच्याकडे सुकटीच्याच होतात.

जास्तीच्या करून ठेवायच्या असतील तर मासा ताजा शिजवलेला असतानाच, म्हणजे रविवारीच, टिक्क्या वळून ताटात सुट्या सुट्या मांडून फ्रीझरमध्ये गोठवा आणि कडक झाल्या की डब्यात भरा, मग चिकटत नाहीत. काढल्या की तशाच तव्यावर, मंद आचेवर झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं, मग झाकण काढून कुरकुरीत करायच्या. फ्रीझरमधून एकदा सोडवलेला चुरा मात्र परत गोठवायचा नाही, तो त्याच दिवशी संपवायचा. शाळेच्या डब्यात मी थंडीतच देते, होळी झाली की बंद.

टिक्क्या तळून काढल्या की कागदावर ठेवू नका, खालची बाजू वाफेने मऊ पडते. पोळ्यांची जाळी असेल तिच्यावर ठेवा, नाहीतर चाळणी उलटी करून तिच्यावर.